दीड किलो नेमकं कुठलं घटवायचं?

प्रश्न : माझं वजन ८२ किलो, सायकल १० किलोची. सिंहगडाचा घाट चढायला तास लागतो. कर्ज काढून साडेआठ किलोची कार्बन सायकल घेऊ का?

उत्तर : कर्ज नको. चढावर तुमचं, सायकलचं नि सामानाचं मिळून वजन ओढावं लागतं. ते ९४ किलो धरलं, तर दीड किलो म्हणजे जेमतेम दीड टक्का. तासाच्या चढात मिनिटभर वाचेल. सपाटीवर तेवढंही नाही, तिथे खरा अडथळा वाऱ्याचा. ७५० मिलीच्या दोन भरलेल्या बाटल्यांतच दीड किलो पाणी असतं! (म्हणून उन्हाळ्यात ते ओतून देऊ नका.)

आधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच पाहा. ११-२८ (सर्वांत लहान चक्राला ११ दाते, सर्वांत मोठ्याला २८) असेल तर ११-३२ बसवा, चढावर पेडल हलकं जाईल. डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) ३२ दात्यांचं चक्र झेपतं का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. चेनही नव्याने मापायची. जुनी आखूड चेन ठेवून चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चक्रावर गेलात, तर ती ताणली जाऊन डिरेलर आणि तो ज्यावर बसतो तो हँगर मोडू शकतात.

पोट उतरवायचंच असेल, तर आठवड्याला फार तर अर्धा किलो, तेही राइड नसलेल्या दिवशी जेवण आवरून. लांबच्या राइडला उपाशी निघू नका. तासाला एक-दोन केळी पोटात जाऊ द्या.