वारेच्या कॅप्सूल: घ्याव्यात की नाही?

अगं, आठवा लागलाय तर हे आत्ताच ठरव, कळा सुरू झाल्यावर डोक्याला ताप नको. वार, म्हणजे बाळानंतर बाहेर पडते ती प्लॅसेंटा, वाफवून, वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरतात. त्यानं अशक्तपणा, उदासी जाते, दूध वाढतं असं सांगतात. मी तर घेऊ नकोस असंच म्हणेन.

वाळवल्यानं सगळे जंतू मरतातच असं नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २०१६ साली एका बाळाला ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग दुसऱ्यांदा झाला. आई वारेच्या कॅप्सूल घेत होती, आणि तोच जंतू त्यांत सापडला. लोहासाठी म्हणशील, तर अमेरिकेतल्याच एका छोट्या चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या गोमांसाच्या कॅप्सूलपेक्षा फार फरक दिसला नाही.

आपल्या परभणी-लातूरकडं वार परसात पुरायची रीत. दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. सासूबाईंना पुरायची असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.

अशक्तपणाला आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घे, चहासोबत मात्र नको. अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आहेतच.

आणि माय, बाळंतपणानंतर रडू येणं दोन आठवड्यांपुढं लांबलं, झोप उडाली, बाळाला घ्यावंसंच वाटेना, तर कुणालाही न लाजता डॉक्टरांना सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. नवऱ्याच्या फोनमध्येही तो आजच टाकून ठेव.