वाचकांचे प्रश्न : रोटरी गाडीला दुसरे इंजिन, १२ए की १३बी?

प्रश्न : माझ्याकडे १९८४ची माझदा आरएक्स-७ आहे, नोंदणी ठाण्याची. १२ए रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारे) थकले आहे. गरम असताना बंद केली की पुन्हा सुरू होत नाही आणि गायमुखच्या चढावर गाडी ओढत नाही. दोन सौदे समोर आहेत : एक वापरलेले १२ए आणि जवळपास त्याच किमतीत १९८६ नंतरच्या मॉडेलचे १३बी. हात आखडूनच खर्च करायचा आहे. कोणते घेऊ?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : १२ए घ्या. १३बी मोठे आहे, १३०८ सीसी. तुमचे ११४६ सीसी. मोह पडणे साहजिक आहे, पण किमतीची तुलना नुसत्या इंजिनाची करू नका. ते गाडीत बसेपर्यंत काय काय विकत घ्यावे लागेल ते आधी मांडा.

तुमच्या गाडीत इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते आधार, पुढच्या कव्हरला आहेत, नंतरच्या १३बीचे बाजूंना. म्हणजे जुन्या इंजिनाचे पुढचे कव्हर आणि तेलाची टाकी काढून १३बीला लावावी लागणार. त्यासाठी शाफ्टचा पुढचा बोल्ट सोडावा लागतो आणि खरा धोका तिथेच आहे. बोल्टमागे सुयांचे थ्रस्ट बेअरिंग असते. बोल्ट ढिला असताना शाफ्ट जरा मागे सरकला की ते जागेवरून खाली घसरते. तसेच आवळले की चिरडते. म्हणून हे काम इंजिन स्टँडवर, तोंड वर करून उभे धरूनच करायचे. कव्हरच्या आत तेलाच्या वाटेवर एक छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते. ती वाकडी बसली किंवा राहून गेली, तर इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब पडतो आणि पुन्हा सगळे उतरवावे लागते.

पुढे फ्लायव्हील. रोटरीत तोलाचे वजन फ्लायव्हीलमध्येच ओतलेले असते, ते त्या त्या रोटरच्या वजनाप्रमाणे. १३बीचे रोटर रुंद आणि जड, त्यामुळे १२एचे फ्लायव्हील त्याला लावले तर इंजिन थरथरत राहील आणि बेअरिंगे खाईल. पुढच्या तोलवजनाचेही तसेच. तुमचा इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून इंजिनापर्यंतचा नळ) १३बीच्या पोर्टवर, म्हणजे इंजिनाच्या तोंडांवर, बसत नाही. फ्युएल इंजेक्शन ठेवायचे तर जास्त दाबाचा पंप, वायरिंग आणि ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) लागेल. सुटे सुटे पाहिले तर किरकोळ वाटते; बेरीज इंजिनाच्या किमतीच्या वर जाते.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. सीसी बदलली की तपशील बदलला. त्याच जातीचे १२ए बसवतानाही इंजिन नंबर बदलतो, म्हणून इंजिन उतरवण्याआधी ठाणे आरटीओकडे परवानगीचा अर्ज करा आणि खरेदीची पावती, त्यावर इंजिन नंबर लिहिलेली, जपून ठेवा. पावती नसलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न : ते १२ए जमिनीवर पडून आहे. विकणारा म्हणतो, चालू होते. तपासायचे कसे?

उत्तर : प्लग काढू नका. पुढच्या बोल्टला १९चा सॉकेट लावून पुढून पाहताना घड्याळाच्या दिशेने हाताने सावकाश फिरवा. बोल्ट सुटण्याच्या दिशेला मुळीच जोर लावू नका. रोटरला तीन बाजू असतात आणि शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटरची एक फेरी होते. म्हणजे तीन फेऱ्यांत प्रत्येक रोटरचे तीन ठोके हाताला लागले पाहिजेत : आधी अडल्यासारखे, मग फुस्स करून सुटल्यासारखे. तिन्ही सारखे असतील तर बरे. एक कमी लागला तर त्या बाजूचे साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरची पट्टी) अडकले असेल. लागोपाठ दोन नाहीसे असतील तर त्या दोन बाजूंच्या मधले एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेले आहे. ते तुटून हाउसिंगला ओरखडे पडलेले असतात. असे इंजिन भंगाराच्या भावातच घ्यावे.

बसवून गरम झाल्यावर मग कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजा. साधा गेज चालतो, फक्त त्याच्या टोकाचा व्हॉल्व्ह काढून टाका, नाहीतर तो तिघांतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो आणि मेलेली बाजू दिसतच नाही. प्रत्येक रोटरचा फक्त वरचा प्लग काढून तिथे गेज लावा, खालचा तसाच राहू द्या, इग्निशन आणि पेट्रोलचा पंप बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार्ज केलेल्या बॅटरीवर सेल्फ मारा आणि काट्याच्या उड्या बघा. २५० आरपीएमला किमान ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवे आणि तीन बाजूंतला फरक १.५ च्या आत. गरम असताना सुरू न होणे हे तुमचे लक्षण बहुतेक कमी कॉम्प्रेशनचेच असते, तेव्हा हीच मोजणी सध्याच्या इंजिनावर आजच करून घ्या. आकडे ठीक आले तर दोष सेल्फ, बॅटरी किंवा कार्ब्युरेटरमध्ये शोधावा लागेल आणि इंजिनाचे पैसे वाचतील.

इंजिन बाहेर आले आहे तोवर क्लच प्लेट, शाफ्टच्या टोकातले पायलट बेअरिंग, त्याचे सील आणि मागचे मुख्य तेल-सील नवीन घाला. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा, आवळणीचा जोर (टॉर्क) ४० ते ५० किलोग्रॅम-मीटर. छिन्नी-हातोड्याने सोडवू देऊ नका. वागळे इस्टेटमध्ये मोठी इम्पॅक्ट गन असलेला ट्रकचा मिस्त्री सहज मिळेल. गिअरबॉक्स जोडताना त्याला खालून जॅकचा टेकू द्या. त्याचे वजन क्लच प्लेटवर लटकले की प्लेट वाकते आणि क्लच सुटेनासा होतो.

त्याच वाचकाचा शेवटचा प्रश्न : पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालावे का?

उत्तर : घाला. या इंजिनात एक छोटा पंप एपेक्स सीलसाठी इंजिनातलेच तेल कार्ब्युरेटरमध्ये सोडतो. तो चालू असेल तर लिटरला ४ मिली, काढून टाकला असेल तर ८ मिली, म्हणजे ४० लिटरला ३२० मिली. डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जा लिहिलेलेच घ्या. इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल तेल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर फुगते, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या त्याला चालणाऱ्या घ्या. आणि सोसायटीत गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करायची सवय सोडा; थंड रोटरी अशाने ओव्हर होते, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने प्लग भिजून सुरूच होत नाही. झालीच, तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, खालचे दोन्ही प्लग बाहेर काढून सेल्फ मारा आणि प्लग सुकवून परत लावा.

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला झेनचे इंजिन बसेल का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : ७९६ सीसीचे तीन सिलिंडर काढून ९९३ सीसीचे चार बसवले की वर सांगितलेली कलम ५२ची अडचण जशीच्या तशी येते, मग ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. तोच पैसा मूळ इंजिनाच्या पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि कार्ब्युरेटर किटवर घाला. ८०० चे हे सामान आजही सहज मिळते.