घाटीवरची घरं आणि सपाट बुडाची किट्स

पाऊस लागला की माणसं घरात अडकतात आणि माळ्यावर टाकलेले मॉडेल रेल्वेचे लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेले छोटे रूळ आणि गाव, खाली येतात, त्यामुळे जून-जुलैत प्रश्नांचा ढीग असतो. यावेळचे बहुतेक प्रश्न चढावरच्या गल्लीचे आहेत. साहजिकच आहे म्हणा, कोकणातला माणूस सपाट गाव कुठून करणार.

प्रश्न : माझ्या एचओ (म्हणजे १:८७ मापाच्या) लेआउटवर स्टेशनपासून वर जाणारी गल्ली आहे. किटची, म्हणजे तयार भाग जोडून केलेली, बिल्डिंग ठेवली की एक कोपरा रस्त्यात घुसतो नि दुसरा अधांतरी राहतो. खाली पाचर मारून बघितली तर घर कलंडल्यासारखं दिसतं. काय करू? (रत्नागिरी)

पाचर आधी काढून टाका. गवंडी ओळंबा लावूनच भिंत चढवतो, रस्ता कितीही तिरका असला तरी. रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये जी तिरकी फट उरते ती भरायला जोतं असतं, आणि किटवाल्याने तेच दिलेलं नसतं कारण त्याने सपाट जमीन धरलेली असते. तेवढं आपण करायचं.

हिशोब करून बघा. घराची रस्त्याकडची बाजू १२ सेमी आणि चढ आठास एक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ मिमी फरक पडला. १:८७ ने तो खरा १.३ मीटर होतो, माणसाच्या छातीएवढं जोतं. कोकणात असं जोतं पावलोपावली दिसतं त्यामुळे डोळ्याला अजिबात खटकत नाही. आता दार वरच्या कोपऱ्याला घ्या म्हणजे उंबरठा रस्त्याला लागतो. किटमध्ये दार मधोमध असलं तर दाराचा आणि खिडकीचा भाग उभे कापून अदलाबदल करायची, प्लॅस्टिक असेल तर कटरने चार-पाच हात मारून वाकवलं की सरळ तुटतं. नाहीतर दार तिथेच ठेवून पुढे दोन पायऱ्या द्या, तेही खपतं.

बरेच जण इथे एक चूक करतात आणि मीपण केलेली आहे. भिंतीचा खालचा काठच कानशीने तिरका घासतात. मग दाराची चौकट खालून कापली जाते, खिडक्यांची ओळ रस्त्यापासून कुठे जवळ कुठे लांब, आणि सगळं घर बुडाल्यासारखं वाटतं. भिंतीला हात लावू नका. जाड कागद भिंतीखाली उभा धरून रस्त्याची रेघ पेन्सिलने मारा, तो कागद कापा, आणि त्या मापाने स्टायरीनची (प्लॅस्टिक शीटची) किंवा ग्रे बोर्डची (जाड करड्या पुठ्ठ्याची) वेगळी पट्टी लावा, भिंतीपेक्षा अर्धा-पाऊण मिमी बाहेर. खरं जोतंही दोन-तीन इंच पुढे असतंच. घर बसवायच्या जागी डोंगरात सपाट खाच मारून घ्या आणि रस्ता शेवटी त्या जोत्याला आणून भिडवा, आधी रस्ता करून मग घरं ठेवायला गेलात तर फटी बुजवण्यात दिवाळी येईल.

फरक ३० मिमीच्या वर गेला तर जोतं करूच नका, तिथे अख्खा मजला निघतो. आमच्या आळीत एक घर आहे, वरच्या रस्त्यावरून बघितलं तर बैठं आणि खालच्या पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरून, बघितलं तर दुमजली, खाली पिठाची गिरणी. दुसऱ्या एखाद्या किटची उरलेली दुकानाची भिंत अशा ठिकाणी खाली लावली की गाळा तयार.

प्रश्न : गल्लीला जास्तीत जास्त किती चढ द्यावा? आणि रुळांना? (चिपळूण)

गाडी-रिक्षा जाणार असेल तर आठास एकच्या आसपास थांबा. त्याहून चढ हवा असेल तर पाखाडी करा, पायऱ्या पायऱ्यांची. २ मिमीचा ग्रे बोर्ड एचओमध्ये साडेसतरा सेमीची पायरी होतो, म्हणजे नुसत्या पट्ट्या एकावर एक चिकटवत जायचं, प्रत्येक पट्टी ४ मिमी मागे. मध्ये मध्ये एखादी रुंद ठेवा, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईला श्वास घ्यायला जागा नको का.

रुळांचं गणित एकदम उलटं आहे. कोकण रेल्वेचा चढ जास्तीत जास्त १५० ला १, म्हणजे आठ फुटी लेआउटवर रूळ जेमतेम १६ मिमी चढणार. एवढा डोंगराळ मुलूख आणि गाडी जवळजवळ सपाट चालते, म्हणूनच तर बोगदे, कटिंगं आणि उंच पूल बांधावे लागले. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, एचओमध्ये ७३ सेमी, जेवणाच्या टेबलाएवढा! तेव्हा रूळ सपाट ठेवा आणि गल्ली चढवा, दोन्हींतला फरक दिसला की डोंगर आपोआप उंच वाटतो.

प्रश्न : भावाने जर्मनीहून दोन किट्स आणलीत, छान आहेत पण अगदी तिकडची वाटतात. कोकणातली करता येतील का? (मुंबई, मूळ गाव देवगड)

येतील की, आणि अर्धं काम झालेलंच आहे. उतरतं छप्पर त्यांना बर्फासाठी लागतं नि आपल्याला पावसासाठी. सगळ्यात आधी धुराडी उडवा, भोकावर पट्टी लावून बुजवा, छपरातून बाहेर आलेल्या खिडक्याही काढा. मग पागोळ्या बाहेर आणा. तिकडची वळचण तोकडी असते, आपल्याकडे दोन-तीन फूट तरी पुढे येते, म्हणजे ७ ते १० मिमी, नाहीतर भिंत भिजणार. पुढे पडवी काढली, तिला लाकडी खांब दिले की ओळखीचं घर दिसायला लागतं.

कौलांच्या ओळींतलं अंतर साडेतीन-चार मिमीच्या आत असलं तर मंगलोरी म्हणून चालून जातात. पत्रे करायचे असतील तर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा वापरू नका, खऱ्या पत्र्याची पन्हळ ७५-७६ मिमीची, एचओमध्ये ती एक मिमीलाही कमी भरते आणि खोक्याची पन्हळ तिच्या कितीतरी पट मोठी.

आणि एक, सगळी घरं जुनी कौलारू करू नका. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ च्या २६ जानेवारीला. शेजारून ती गाडी जाणार तर गल्लीत स्लॅबचं घर पाहिजे, गळतं म्हणून त्याच्यावर पत्र्याची शेड पाहिजे, काळी टाकी पाहिजे. लोकांना हे बघायला आवडत नाही पण गाव असंच आहे.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे. जांभ्याचा गडगा कसा करू? फोमवर टाचणीने भोकं पाडली पण चीजसारखा दिसतोय. (सावंतवाडी)

अरे, भोकं पाडूच नकोस. चिऱ्यातलं एक सेमीचं भोक तुझ्या स्केलला मिमीच्या नवव्या हिश्श्याएवढं, ते दिसणारच नाही. अंगणातल्या गडग्याकडे वीस-पंचवीस पावलांवरून बघ, भोकं दिसतात का? रंगाचे डाग दिसतात. तेवढेच कर. ४ मिमी लांब, २ मिमी उंच असे चिरे बोथट पेन्सिलने दाबून आख, चांदीच्या कागदाचा बोळा करून हलकेच दाब, मग विटकरी रंग, त्यावर इथेतिथे पिवळट आणि काळपट. वरच्या कडेला आणि खाली ओल येते तिथे हिरवं. जांभ्याची खरी पूड चहाच्या गाळणीने गाळून फेविकॉलवर भुरभुरवलीस तर फुकटात उत्तम रंग. आणि गडगा माती धरून ठेवणारा असेल तर तळाला पाणी जायची भोकं ठेव, ती मात्र दिसतात. बाकी अभ्यास सांभाळून.

प्रश्न : फळी दीड फूटच रुंद आहे. गल्ली लांब वर जाते असं कसं दाखवू? (खेड)

वर जाताना स्केल उतरवत न्या. पुढे एचओ, मध्ये टीटी म्हणजे १:१२०, अगदी वर एन म्हणजे १:१६०. रस्ताही वर निमुळता करा आणि मध्ये एक वळण द्या, सरळ ठेवलात तर चोरी पकडली जाते. मागच्या घरांच्या फक्त पुढच्या भिंती लावा, उरलेल्या मागच्या भिंती दुसऱ्या घराला येतात, एका किटात दोन घरं. वरती माणसं आणि गाड्या अजिबात ठेवू नका, एका एचओ माणसाने एनच्या घराचा खुराडा होतो.

प्रश्न : पुठ्ठ्याची घरं पावसाळ्यात वाकतात. (गुहागर)

वाकणारच. जोडायच्या आधी पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या कडांना वॉर्निश द्या, एकाच बाजूला दिलंत तर जास्तच वाकतो. आत कोपऱ्यांना लाकडी पट्ट्या लावा. खिडकीच्या पारदर्शक प्लॅस्टिकजवळ फेविक्विक नको, त्याची वाफ बसून काच पांढरी होते, तिथे फेविकॉलच.

स्प्रेचं मॅट वॉर्निश मात्र पावसाची उघडीप बघून मारा, दमट हवेत त्यावर पांढरी साय धरते. मी एकदा भर जुलैत पडवीत बसून मारलं, कौलं अशी झाली की शेजारच्या वहिनींनी विचारलं, भाऊ, बर्फ पडलाय का तुमच्या गावात. वर तोच स्प्रे मागच्या थर्माकोलच्या डोंगराला लागला आणि तो विरघळून आत गेला. तिथे आता बोगद्याचं तोंड आहे.