यादी मागू नकोस, प्रश्न घेऊन जा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. जीवशास्त्रासाठी चांगल्या वेबसाइट कोणत्या, असं विचारलंयस. यादी लगेच देता आली असती. पण मोबाइलमध्ये न उघडलेल्या पीडीएफ किती साठल्यात, हे तूच मागे सांगितलं होतंस. म्हणून एक प्रश्न घेऊन नेटवर कसं हिंडायचं, तेवढंच सांगतो.

कास पठारावर आपण दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती पाहिली. पानांवर चिकट थेंब, त्यांत अडकलेली चिलटं. हिरवं झाड असून हिला किडे कशाला लागतात, असं तू विचारलंस. तोच प्रश्न घे.

आधी मराठी विश्वकोश उघड. आपल्या वाईत घडलेलं हे काम आता नेटवर फुकट वाचता येतं. विषय एकदा मराठीत डोक्यात बसला की इंग्रजीची धास्ती निम्मी होते. मात्र पहिला खंड १९७६चा आहे, हे ध्यानात ठेव. झाडाची रचना, जीवनक्रम यांसाठी जुनी नोंद चालते. वर्गीकरण आणि जनुकं यांसाठी नवं पुस्तकच बघायचं. त्यासाठी ओपनस्टॅक्स. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा हा उपक्रम, जाडजूड जीवशास्त्र फुकट देतो. त्यातल्या वनस्पतींच्या पोषणाच्या प्रकरणात उत्तर मिळेल: साखर ती उन्हातूनच बनवते, किड्यांकडून घेते तो मुख्यतः नायट्रोजन. जांभ्यावरच्या पातळ मातीत तोच कमी पडतो.

इथं बहुतेक जण थांबतात. तू 'डार्विन ऑनलाइन'वर जा. कीटकभक्षी वनस्पतींवरचं डार्विनचं १८७५चं पुस्तक तिथं अख्खं आहे. इंग्लंडातल्या, आपल्या दवबिंदूच्याच भावकीतल्या झाडाच्या पानांवर त्यानं दूध, अंड्यातला पांढरा भाग, मांसाचा अर्क असं काय काय टाकून पाहिलं. मग साखर, स्टार्च, ऑलिव्ह तेल. नायट्रोजन असलेल्या पदार्थांवर पानाचे केस वाकले, बाकीच्यांवर नाही. प्रयोग कसा रचावा हे दहा व्हिडिओंपेक्षा त्या पानांत जास्त कळतं, असं माझं ठाम मत आहे. (व्हिडिओंशी माझं वैर नाही. प्रथिनं कशी बनतात ते ॲनिमेशनमध्येच बघ, फक्त नंतर मोबाइल पालथा ठेवून तीच आकृती कागदावर काढ.)

अलीकडचं संशोधन पबमेडवर, म्हणजे शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, शोधायचं, तेही शास्त्रीय नावानं: दवबिंदूसाठी 'ड्रॉसेरा इंडिका' रोमन लिपीत टाक. आधी 'रिव्ह्यू' प्रकारचे, म्हणजे झालेल्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख निवड. सुट्या शोधनिबंधांत सुरुवातीलाच शिरलीस तर गोंधळशील. पूर्ण लेख पबमेड सेंट्रलवर फुकट असतात. तिथं नसेल तर लेखकाला सरळ ईमेल कर, पुष्कळ जण आनंदानं पाठवतात.

झाडाची ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखायच्या साइटवर फोटो टाक. मशीन सुचवेल ते नाव खरं धरू नकोस. जाणकारांचा दुजोरा येईपर्यंत वहीत पेन्सिलीनंच लिही. दुर्मिळ ऑर्किड असेल तर नेमकी जागा लपव. उपटून नेणारेही नेट वापरतात.

परीक्षेसाठी शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवून 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा एखादा कोर्स घे. बघायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. एका सत्रात एकच कोर्स, दोन नकोत. आणि डार्विन वाचताना अडलीस तर फोन कर, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.

कळावे,
सर
सातारा