घराचे पैसे रेअर अर्थच्या शेअरमध्ये?

प्रश्न: तीन वर्षांनी घराच्या डाउन पेमेंटला लागणाऱ्या रकमेपैकी निम्मी रक्कम रेअर अर्थ (चुंबकांसाठी लागणारे निओडिमियमसारखे धातू) शोधणाऱ्या दोन छोट्या कंपन्यांत घालावी म्हणतो. या क्षेत्रात विलीनीकरणाची हवा आहे. एखादी मोठी कंपनी त्यांना चढ्या भावाने विकत घेईल, असा अंदाज आहे. काय करू?

उत्तर: घराचे पैसे घालू नका. तीन वर्षांत लागणारी रक्कम कुठल्याच खाण कंपनीत नसावी. तुमचा अंदाज मात्र अगदीच हवेतला नाही, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

मागणी खरी आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारी, पवनचक्क्या, क्षेपणास्त्रं, बऱ्याच ठिकाणी रेअर अर्थची चुंबकं लागतात, मुख्यतः निओडिमियमची. शुद्धीकरण बहुतांशी चीनच्या हातात आहे आणि एप्रिल 2025 मध्ये त्यांनी सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केल्यावर या शेअरमागे झुंबड उडाली. पण धातूला मागणी आहे म्हणून भागधारकाच्या हाती पैसे पडतातच असं नाही. मॉलिकॉर्पचंच बघा. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही रेअर अर्थची खाण तिची होती. 2010 मध्ये 14 डॉलरला शेअर बाजारात आला, पुढच्या वर्षी 70 च्या वर गेला. 2012 मध्ये कंपनीने अब्जाहून जास्त डॉलर मोजून निओ मटेरियल ही कंपनी घेतली. तेव्हाही सगळीकडे विलीनीकरणाचंच कौतुक चाललं होतं. मग धातूचे भाव कोसळले, कर्ज अंगावर आलं आणि 2015 मध्ये दिवाळखोरी. खाण 2017 मध्ये जेमतेम 2 कोटी डॉलरला विकली गेली. आज एमपी मटेरियल्स तीच खाण चालवते. जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही.

या एमपीलाही 2025 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने निओडिमियम-प्रेझोडिमियमसाठी किलोमागे 110 डॉलरची किमान किंमत दहा वर्षांसाठी बांधून दिली. निव्वळ बाजारभावावर हा धंदा उभा राहत नाही, याची ही कबुलीच. तुमच्या दोन कंपन्यांच्या पाठीशी असा कोणी आहे का?

विलीनीकरणाचंही तसंच. चीनमध्ये 2021 साली मोठ्या सरकारी कंपन्यांचे रेअर अर्थ व्यवसाय एकत्र झाले ते सरकारच्या धोरणाने, छोट्या भागधारकाला चढा भाव मिळावा म्हणून नव्हे. ऑस्ट्रेलियाची रेअर अर्थ कंपनी लायनस आणि एमपी यांची विलीनीकरणाची बोलणी 2024 मध्ये फिसकटली. आणि सौदा झाला तरी मोबदला बऱ्याचदा रोख नसतो, घेणाऱ्या कंपनीचे शेअर मिळतात. म्हणजे जोखीम तीच, फक्त नाव बदललेलं.

तरीही मोह आवरत नसेल तर कंपनीचा ताजा रोकड-प्रवाह तक्ता उघडा. हातातली रोकड भागिले तिमाहीचा खर्च. उत्तर चारच्या खाली आलं, तर वर्षभरात त्यांना बहुधा नवे शेअर काढावे लागतील आणि तुमचा हिस्सा पातळ होईल. मग 'एकूण ऑक्साइड'च्या, म्हणजे खनिजातल्या सगळ्या रेअर अर्थच्या बेरजेच्या, आकड्यावर भाळू नका. त्यात लॅन्थॅनम आणि सेरियमच बहुधा जास्त, आणि ते स्वस्त. निओडिमियम, प्रेझोडिमियम, डिस्प्रोशियम, टर्बियम किती ते शोधा. शेवटी, वेगळं करणार कोण? ही मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी असतात की द्रावकाच्या शेकडो टप्प्यांतून काढावी लागतात, शिवाय बऱ्याचदा थोरियमचा किरणोत्सारी कचरा राहतो. कंपनीच्या सादरीकरणात याबद्दल एकच ओळ असेल तर मी तरी पुढे वाचणार नाही.

दीर्घ मुदतीच्या बचतीतले दोन-तीन टक्के, तेही एका कंपनीऐवजी या क्षेत्राच्या फंडात, इथपर्यंत माझी हरकत नाही. घराची रक्कम मुदत ठेवीत राहू द्या.