जुन्या स्प्लेंडरचा ऑइल फिल्टर कुठे असतो?

प्रश्न: माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी हिरो होंडा स्प्लेंडर आहे. घरीच ऑइल बदलताना मला कागदी फिल्टर कुठेच सापडला नाही. तो बसवायचा राहून गेला असेल का?

उत्तर: नाही, काळजी करू नये. या इंजिनात बदलण्याजोगा कागदी फिल्टर मुळातच नसतो. उजव्या कव्हरच्या आत धातूची एक जाळी आणि क्रँकशाफ्टबरोबर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याबरोबर) फिरणारा रोटर असतो, ज्याच्या आतल्या भिंतीवर ऑइलमधील जड कण केंद्रोत्सारी बलाने चिकटून बसतात. त्यामुळे ऑइल कितीही वेळा बदलले तरी हा गाळ आतच राहतो. इतक्या जुन्या गाडीचे कव्हर एकदा तरी उघडून जाळी आणि रोटर स्वच्छ करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी नवे गॅस्केट (कव्हरच्या सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून बसवायची पातळ चकती) आधीच आणून ठेवावे.

क्लचही याच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने चारचाकीचे ऑइल वापरू नये. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) अशी खूण, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचे मानक, पाहून घ्यावी. ड्रेन बोल्ट बेताने आवळावा, कारण अ‍ॅल्युमिनियमचे आटे सहज जातात. पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी आणि डिपस्टिक न आवळता नुसती टेकवावी.