पणजी शहराला खालून पाणी भरून वर उचलता येईल का?

प्रश्न : आमची सोसायटी पणजीजवळ मेरशीला, खाजनाच्या (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल खाऱ्या जमिनीच्या) कडेला भराव घालून बांधलेली. बिल्डिंग जागच्या जागी आहे पण कंपाउंड खचत चाललंय, पायऱ्या आणि प्लिंथच्या (जोत्याच्या) मधे हात जाईल एवढी फट पडलीय आणि पावसात भरती असली की गटाराचं पाणी उलटं आत येतं. मुलाने व्हिडिओ दाखवला की व्हेनिस शहर जमिनीत पाणी भरून वर उचलणार आहेत. मग आपल्या पणजीला का नाही? कमिटीतले दोघे तर म्हणतायत बोअरमध्ये टँकर सोडून बघूया. – एक वाचक, मेरशी

उत्तर : आधी त्या दोघांना थांबवा, टँकरचे पैसे फुकट जातील.

व्हेनिस अजून कोणी उचललेलं नाही. पादुआ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हिशेब मांडलाय, की १० किमी व्यासाच्या गोलावर १२ विहिरी मारायच्या, ६०० ते ८०० मीटर खाली समुद्राचं पाणी दाबून भरायचं, की १० वर्षांत शहर २५-३० सेंमी वर येईल. ते कागदावरच आहे. भरतीसाठी त्यांनी खाडीच्या तोंडांवर लोखंडी दारं बसवली, २०२० पासून ती वापरात आहेत. (दारं लावून भरती अडवायची हे गोंयकाराला कोणी शिकवायला नको, खाजनातल्या मानशी, म्हणजे बांधातली लाकडी दारं, शतकानुशतकं तेच करतायत, तेही विजेशिवाय, भरतीचं पाणी स्वतःच दार मिटवतं.)

मूळ आयडिया खोटी नाही हं. खोल वाळूच्या थरात कणांच्या मधलं पाणी वरचं थोडं वजन पेलत असतं, ते उपसलं की सगळा भार कणांवर येतो आणि थर दबतो. कॅलिफोर्नियात लाँग बीचला तेल उपसून उपसून जमीन जवळजवळ ९ मीटर खाली गेली, बंदर बुडायची वेळ आली, मग १९५८ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी भरायला लागले तेव्हा कुठे खचणं थांबलं. पण वर किती आली? काही ठिकाणी फूटभर. व्हेनिसलाही १९५० ते ७० मधे कारखान्यांनी भूजल उपसल्यामुळे शहर १२ सेंमीच्या आसपास खचलं, उपसा बंद केल्यावर परत मिळाले जेमतेम २ सेंमी. कारण वाळू थोडी फुगते, चिकणमाती नाही, ती वर्षानुवर्षं झोपून दडपलेल्या कापसाच्या गादीसारखी, आणि जमिनीखाली पिंजारी पाठवता येत नाही. म्हणजे पाणी भरणं हा खचणं थांबवायचा उपाय आहे, उचलायचा फारच थोडा. शिवाय नको त्या जागी दाब वाढला तर भूकंपाचे धक्के बसतात, स्वित्झर्लंडमधे बाझेलला २००६ साली तसंच झालं आणि जमिनीतली उष्णता काढण्यासाठी पाणी भरायचा तो प्रोजेक्ट गुंडाळावा लागला.

आता पणजी. आपल्याकडे शेकडो मीटर जाडीची वाळू आहेच कुठे? आल्तिनो टेकडीवर जांभा, खाली नदीकाठी चिखल आणि भराव, त्याच्याखाली कातळ. पाणी भरणार कशात? पणजीच्या मळा भागात किंवा १८ जून रस्त्यावर पाणी तुंबतं ते मुख्यतः भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी मांडवी नदीत उतरू शकत नाही म्हणून. त्यात समुद्रही जगभर सरासरी वर्षाला ४ मिमीच्या आसपास वाढतोय.

तुमच्या कंपाउंडचं दुखणं वेगळंच. बिल्डिंग बहुतेक पायलिंगवर, म्हणजे खोल गाडलेल्या खांबांवर, कडक थरापर्यंत गेलेली, म्हणून ती हलत नाही. आजूबाजूचा भराव मात्र खालच्या खाजनाच्या चिखलावर बसलाय, वजनाने चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतंय आणि तो बसत चाललाय. हे बरीच वर्षं चालतं, पण वेग साधारण कमी होत जातो. म्हणून खड्डा दिसला की डंपरभर माती आणून टाकू नका, वजन वाढलं की आणखी बसणार, आणि हे सोसायट्या हमखास करतात! पेव्हर काढून परत लेव्हल करा, भरायचंच तर हलकं काहीतरी. पायऱ्या प्लिंथला सिमेंटने जाम करू नका, फट राहू दे, फक्त शेजारी भिंतीवर पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, दर पावसाळ्याआधी मोजा. कॉलमला तडे दिसले तर मात्र लगेच स्ट्रक्चरल इंजिनियर.

गटाराला एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, तुमची छोटी मानसच ती. भरती असताना जोराचा पाऊस आला तर तुमचंच पाणी आत अडकेल, तेवढ्यासाठी एक पंप लागेल. आणि बिल्डिंगमधून बाहेर पडणारे संडासाचे पाइप आजच बघा, जमीन खाली गेली की ते जॉइंटलाच तुटतात आणि वास येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो.